दातांचा माल परदेशी पाठवायचा तर आधी देश ठरवा, मग दर

फ्लोराइडची एकच टूथपेस्ट घ्या. भारतात ती कॉस्मेटिक म्हणून विकली जाते आणि तिच्यात फ्लोराइड १००० पीपीएमच्या (दशलक्षात इतके भाग) वर चालत नाही. युरोपीय संघातही ती कॉस्मेटिकच आहे, पण मर्यादा १५०० पीपीएम. अमेरिकेत मात्र तीच ट्यूब औषध ठरते. नेहमीच्या पेस्टमध्ये फ्लोराइड ८५० ते ११५० पीपीएमच्या दरम्यान असावं लागतं, डब्यावर ‘ड्रग फॅक्ट्स’चा ठरावीक चौकोन छापावा लागतो, कारखान्याची औषध कारखाना म्हणून नोंदणी करावी लागते आणि त्यापोटी दरवर्षी हजारो डॉलर भरावे लागतात. ट्यूब तीच, पण ती कुठे उतरते यावर खर्च, परवाना आणि विकण्याची भाषा ठरते.

हा लेख छोटा कारखाना असलेल्या किंवा दातांच्या मालाचा व्यापार करून आता निर्यातीकडे वळू पाहणाऱ्यांसाठी आहे. बहुतेक नवखे उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी माल बनवतात, मग ‘जगभर’ दरपत्रकं पाठवतात, आणि ऑर्डर आली की त्या देशात आपला माल विकताच येत नाही हे कळतं. खालचा क्रम पाळला तर हा फटका टळतो.

पायरी १: वस्तूची जात ओळखा

प्रत्येक देशासाठी एकच प्रश्न विचारा: इथे माझी वस्तू कॉस्मेटिक, औषध की वैद्यकीय उपकरण? उत्तर वस्तूत जितकं असतं तितकंच तुमच्या दाव्यातही असतं. ‘दात स्वच्छ करते’ हा एक दावा, ‘कीड थांबवते’ हा वेगळा. किडलेल्या दातावर लावायचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव याचं चांगलं उदाहरण. जपानमध्ये ते किडीसाठी १९७० पासून वापरात आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती दातांची संवेदनशीलता, म्हणजे थंड-गरम लागलं की येणारी कळ, कमी करणारं उपकरण म्हणून. तिथले डॉक्टर ते किडीवर सर्रास वापरतात, पण विकणाऱ्याला त्या मंजुरीच्या आधारावर माहितीपत्रकात ‘कीड थांबवते’ असं लिहिता येत नाही. भारतातलं माहितीपत्रक जसंच्या तसं पाठवलं तर तेवढ्या एका ओळीने माल अडकतो.

दात पांढरे करणाऱ्या जेलमध्ये फरक आणखी टोकाचा आहे. युरोपात हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१ टक्क्यापर्यंत असेल तरच दुकानात विकता येतं. त्याच्या वर ६ टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्याला विकायचं, प्रत्येक कोर्सचा पहिला वापर त्याच्या देखरेखीखाली, आणि १८ वर्षांखालच्यांना नाही. ६ टक्क्यांच्या वर काहीच चालत नाही. इथे नवख्यांची गफलत होते ती कार्बामाइड पेरॉक्साइडमध्ये. त्यातून त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. म्हणजे १६ टक्क्यांचं जेल ६ च्या आत बसतं, २२ टक्क्यांचं बसत नाही. आपल्याकडे आणि अमेरिकेत दवाखान्यात वापरलं जाणारं ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल युरोपच्या यादीतून सरळ काढून टाका.

टूथपेस्टबद्दल एक रासायनिक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण निर्यातीचा माल प्रयोगशाळेत नापास होण्याचं ते एक मोठं कारण आहे. आपल्याकडच्या अनेक पेस्ट खडूच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात. खडूच्या पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड घातलं की फ्लोराइड कॅल्शियमशी बांधलं जातं. एकूण फ्लोराइड कागदावर बरोबर दिसतं, पण मोकळं, कामाचं फ्लोराइड महिन्यागणिक घटत जातं. म्हणून खडूला सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरायचं, ०.७६ टक्के म्हणजे साधारण १००० पीपीएम. सोडियम फ्लोराइड वापरायचं असेल तर घासणारा घटक सिलिका हवा. तिथे ०.२२ टक्क्याला १००० आणि ०.३२ टक्क्याला १४५० पीपीएम मिळतं. युरोपसाठी १४५० ची बॅच काढलीत तर तिचा साठा, खोके आणि नोंदवही पूर्ण वेगळी ठेवा. त्यातली एक पेटीही देशी बाजारात गेली तर आपल्या कायद्याचा भंग होतो.

पायरी २: दातांचं बिल कोण भरतं ते पाहा

बाजार निवडताना लोक लोकसंख्या पाहतात. पाहायचं असतं ते बिल कोण भरतं. दवाखान्यात काय खपतं हे डॉक्टरच्या आवडीपेक्षा विमा कशाचे पैसे देतो यावर जास्त ठरतं.

जर्मनीत सरकारी आरोग्य विमा कॅप, ब्रिज, कवळी यांसाठी ठरवून दिलेल्या ‘नेहमीच्या उपचारा’च्या खर्चाचे ६० टक्के देतो. पाच वर्षं नियमित तपासणीची नोंद असेल तर ७० आणि दहा वर्षांची असेल तर ७५ टक्के. कॅपसाठी हा नेहमीचा उपचार म्हणजे साधा धातू. दाताच्या रंगाचा थर फक्त दिसणाऱ्या भागात, वरच्या जबड्यात पाचव्या दातापर्यंत आणि खालच्या जबड्यात चौथ्यापर्यंत. त्यामागच्या दाढांना उघडी धातूची कॅप. त्यामुळे पांढऱ्या झिर्कोनियाच्या कॅपच्या या काळातही तिथल्या दातांच्या लॅबमध्ये कोबाल्ट-क्रोम या धातूला जागा आहे.

त्याच देशात दातांचं सिमेंट बनवणाऱ्यांसाठीही एक दार उघडलं आहे. दातात ‘चांदी’ भरणं, म्हणजे पाऱ्याचं अमलगम, युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून बंद झालं. वैद्यकीय गरजेचे अपवाद सोडले तर वापरही नाही आणि निर्यातही नाही. त्यानंतर जर्मन विम्याने दाढेत जादा पैसे न घेता भरण्यासाठी स्वतःहून चिकटणारी मटेरियलं धरली. ग्लास आयोनोमर हे सिमेंट त्याच गटातलं. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता करारातल्या देशांनीही अमलगम २०३४ पर्यंत संपवायचं ठरवलं आहे. आज कोणी नव्याने अमलगम कॅप्सूलच्या मशिनमध्ये पैसे घालत असेल तर त्याला थांबवा.

जपानमध्ये विम्यात बसणारी पारंपरिक कॅप सोनं-चांदी-पॅलेडियमच्या मिश्रधातूची असते, त्यात १२ टक्के सोनं आणि २० टक्के पॅलेडियम. बाहेरच्या जगात या धातूला फारसं कोणी विचारत नाही, तिथे मात्र तो घरोघरी तोंडात आहे. मशिनवर कातलेल्या रेझिनच्या कॅप २०१४ मध्ये उपदाढांसाठी विम्यात आल्या, आणि ‘पीक’ (PEEK) नावाच्या टणक प्लास्टिकच्या कॅप डिसेंबर २०२३ मध्ये दाढांसाठी. प्रत्येक वेळी यादी बदलली की लॅबची खरेदी तिकडे वळते. जपानला माल विकायचा असेल तर विम्याची यादी आधी वाचा.

दक्षिण कोरियात ६५ च्या पुढच्या माणसाला आयुष्यात दोन इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचे दात) विम्यातून मिळतात, त्याने स्वतः ३० टक्के भरायचे. चीनमध्ये जानेवारी २०२३ मध्ये इम्प्लांटची सामूहिक सरकारी खरेदी झाली आणि सरासरी भाव सुमारे ५५ टक्क्यांनी खाली आले. या दोन्ही देशांत बाहेरच्या छोट्या इम्प्लांटवाल्याला भावावर टिकणं जवळपास अशक्य आहे.

अमेरिकेत खाजगी दंतविम्याची वर्षाची कमाल रक्कम बहुधा १००० ते २००० डॉलरच्या घरात असते. त्याच्या पुढचं पेशंटच्या खिशातून. कित्येक योजना दाढेतल्या कंपोझिटलाही, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणालाही, अमलगमच्याच दराने पैसे देतात. खरेदी मोठ्या वितरकांमार्फत आणि शेकडो दवाखाने चालवणाऱ्या साखळ्यांमार्फत होते, आणि त्या वर्षभर अखंड पुरवठ्याची हमी मागतात. आपल्याकडे जवळजवळ सगळं बिल पेशंटच भरतो, म्हणून इथे भाव आणि उधारी चालते. पूर्व आफ्रिकेत खाजगी दवाखान्यांबरोबर सरकारी आणि संस्थांची टेंडरंही महत्त्वाची. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइड टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. टेंडरच्या अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

पहिलाच देश निवडताना अमेरिका नको. एक वस्तू, एक देश, आणि तो आखातातला किंवा पूर्व आफ्रिकेतला असला तर कागद शिकता शिकता माल विकता येतो.

पायरी ३: नोंदणी, आणि ती कोणाच्या नावावर

घरचे कागद आधी. वैद्यकीय उपकरण असेल तर २०१७ च्या नियमांखालचा परवाना लागतो. धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा एमडी-५ परवाना, सी आणि डी ला केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचा, म्हणजे सीडीएससीओचा, एमडी-९. ए वर्गातल्या निर्जंतुक न केलेल्या, मोजमाप न करणाऱ्या वस्तूंना नुसती नोंदणी पुरते. याशिवाय आयएसओ १३४८५ हे वैद्यकीय उपकरणांच्या दर्जा-व्यवस्थेचं प्रमाणपत्र, डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, आणि ‘फ्री सेल’ प्रमाणपत्र, म्हणजे हा माल भारतात मोकळेपणाने विकला जातो असा सरकारी दाखला. हा दाखला काढायला आणि त्यावर पुढचे शिक्के घ्यायला आठवडे जातात. ऑर्डर येण्याआधीच कामाला लागा.

अमेरिकेत परवानगीचं काम तिथली एफडीए पाहते. तिच्या यादीत प्रत्येक वस्तूचा ‘प्रॉडक्ट कोड’ शोधा. दातांच्या उपकरणांचे नियम तिच्या नियमावलीच्या भाग ८७२ मध्ये आहेत. बर (ड्रिलचं फिरणारं टोक) आणि साधा टूथब्रश पहिल्या वर्गात, आधी मंजुरी नको. कंपोझिट दुसऱ्या वर्गात, त्याला विक्रीआधीचा ‘५१०-के’ अर्ज लागतो. हँडपीस, म्हणजे दंतवैद्याच्या हातातलं ड्रिल, पहिल्या वर्गात आहे, तरीही त्याला ५१०-के लागतो. ‘पहिला वर्ग म्हणजे मोकळा’ असं गृहीत धरून बरेच जण इथे अडकले आहेत. २०२५ च्या आर्थिक वर्षात या अर्जाचं शुल्क २४,३३५ डॉलर होतं, छोट्या उद्योगाचा दर्जा आधी मिळवला तर ६,०८४. कारखान्याची वार्षिक नोंदणी वेगळी, त्या वर्षी ९,२८० डॉलर. अमेरिकेत राहणारा एजंट नेमणं सक्तीचं आहे.

आणखी एक फसवणूक सांगून ठेवायला हवी. ‘एफडीए सर्टिफिकेट’ म्हणून सोनेरी किनारीचा कागद विकणारे पुष्कळ आहेत. एफडीए नोंदणीचं असं कोणतंही प्रमाणपत्र देत नाही, आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. तो कागद वेबसाइटवर लावून ‘एफडीए मान्यताप्राप्त’ लिहिलंत तर माल चुकीच्या लेबलचा ठरतो.

युरोपात २६ मे २०२१ पासून नवे नियम लागू आहेत. दातात बसणारं कंपोझिट किंवा सिमेंट ‘दोन-ए’ वर्गात, हाडात बसणारं इम्प्लांट ‘दोन-बी’त. दोन्हींना नोटिफाइड बॉडीची, म्हणजे तिथल्या सरकारने नेमलेल्या तपासणी संस्थेची, तपासणी लागते, आणि ती मिळवण्यात वर्ष सहज जातं, बऱ्याचदा त्याहून जास्त. युरोपात अधिकृत प्रतिनिधी हवा. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडसाठी तो वेगवेगळा.

आता या पायरीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ब्राझील, सौदी अरेबिया, जपान, केनिया अशा ठिकाणी नोंदणी स्थानिक माणसाच्या किंवा कंपनीच्या मार्फतच होते. वितरक म्हणतो, ‘खर्च मी करतो, नोंदणी माझ्याकडे राहू द्या.’ पैसे वाचतात म्हणून नवखा हो म्हणतो. दोन वर्षांनी वितरकाने माल उचलणं थांबवलं की तुमच्याच वस्तूची नोंदणी त्याच्या ताब्यात असते, आणि दुसऱ्याकडे जायचं तर सगळं पहिल्यापासून. म्हणून शक्य तिथे नोंदणी विक्रीशी संबंध नसलेल्या प्रतिनिधीकडे ठेवा. ते जमत नसेल तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या: वर्षाला किमान किती माल उचलायचा, तो न उचलल्यास किती दिवसांत नोंदणी हस्तांतरित करायची, आणि हस्तांतराचं सही केलेलं पत्र आजच द्यायचं.

पायरी ४: तिथल्या खुर्चीला, सिरिंजला, फॉर्मला बसतं का?

लॅबचं काम घेत असाल तर दातांचे क्रमांक पहिल्यांदा. आपल्याकडे आणि बहुतेक जगात दोन अंकी पद्धत चालते: ११ म्हणजे वरच्या उजव्या बाजूचा पुढचा मधला दात. अमेरिकेत दात १ ते ३२ असे सलग मोजतात. तिथे ११ म्हणजे वरच्या डाव्या बाजूचा सुळा, आपला २३. आपली खालची डावी पहिली दाढ ३६, त्यांची १९. अमेरिकी दवाखान्याच्या फॉर्मवर नुसतं ‘११’ आलं आणि लॅबने सवयीने पुढचा दात केला, की कॅप परत, कुरिअर परत, आणि पेशंटची वेळ वाया. फॉर्मवरच कोणती पद्धत ते छापा आणि शेजारी दाताचं नाव शब्दांत लिहायला लावा.

सुया विकणार असाल तर सुईच्या मुंडीचे आटे तपासा. मेट्रिक आट्यांची सुई अमेरिकी सिरिंजवर फिरते, घट्ट बसल्यासारखी वाटते आणि दाब दिला की गळते. भूल देण्याच्या औषधाचंही तसंच. आपल्याकडे २ टक्के लिग्नोकेनची ३० मिलीची कुपी चालते, अमेरिकेत १.७ किंवा १.८ मिलीचं कार्ट्रिज, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात २.२ मिलीचंही. कार्ट्रिज सिरिंज बनवत असाल तर नळीची लांबी त्या मापाने हवी.

हँडपीसच्या मागची भोकं मोजा. चार भोकांचं मिडवेस्ट आणि दोन भोकांचं बॉर्डन अशा जोडण्या आहेत, शिवाय बड्या कंपन्यांचे स्वतःचे कपलिंग. बरच्या दांड्याची चिंता नको: १.६ आणि २.३५ मिलिमीटर ही मापं जगभर तीच.

कंप्रेसर, सक्शन मोटर, खुर्ची पाठवताना फक्त व्होल्टेज विचारून थांबू नका. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. सौदीत २३० व्होल्ट, पण ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, आणि पूर्वेकडे ५०, पश्चिमेकडे ६० हर्ट्झ. आपली ५० हर्ट्झची मोटर ६० वर लावली की सुमारे २० टक्के जोरात फिरते, कंप्रेसरवर भार वाढतो, ती तापते आणि सारखी ट्रिप होते. सौदीला पाठवलेल्या मालात हे हमखास घडतं, कारण व्होल्टेज जुळलेलं पाहून कोणी हर्ट्झ विचारतच नाही.

रंगछटांच्या बाबतीत अमेरिकेचा कल पांढऱ्याकडे, ब्लीच छटांकडे आहे. आपल्याकडे खपणाऱ्या ए-२, ए-३ च्या प्रमाणातच तिकडे पेट्या भरल्या तर निम्मा माल शेल्फवर राहतो.

पायरी ५: कोड, धोकादायक माल, ऊन

शिपिंग बिलावर एचएस कोड, म्हणजे मालाचा कस्टम्समधला वर्गीकरण क्रमांक, चुकला की शुल्क बदलतं आणि परवान्याचे प्रश्न निघतात. नेहमी लागणारे असे: दातांची सिमेंटं आणि भरण ३००६.४०, दातांचं मेण व ठशाचं साहित्य ३४०७, टूथपेस्ट ३३०६.१०, फ्लॉस ३३०६.२०, टूथब्रश ९६०३.२१, ड्रिल इंजिन ९०१८.४१, दातांची इतर उपकरणं ९०१८.४९, कृत्रिम दात ९०२१.२१, खुर्ची ९४०२.१०.

‘दातांचा माल’ म्हणून सगळा एकाच खोक्यात भरू नका. कवळीच्या अॅक्रिलिकचं द्रव ज्वालाग्राही आहे, धोकादायक मालाच्या यादीत यूएन १२४७, वर्ग ३. भरण चिकटावं म्हणून दात खरखरीत करणारं, म्हणजे एचिंगचं, फॉस्फोरिक अॅसिड वर्ग ८, यूएन १८०५. भरण घट्ट करणारा, लिथियम बॅटरीवर चालणारा क्युरिंग लाइट यूएन ३४८१. हे न सांगता विमानाने पाठवलं आणि स्कॅनरमध्ये दिसलं तर आख्खी खेप अडते आणि दंड होतो. प्रत्येकाचं सुरक्षितता पत्रक आणि धोकादायक मालाचं घोषणापत्र आधी एअर कार्गोच्या एजंटाला दाखवा, मगच पॅकिंग करा.

मे ते सप्टेंबर आखाती बंदरात उभ्या कंटेनरच्या आत तापमान ६० अंशांवर जातं. कंपोझिट सिरिंजमध्येच घट्ट होऊ लागतं, बाँडमधलं (भरण चिकटवणाऱ्या द्रवातलं) अॅसिटोन किंवा अल्कोहोल उडतं, मेणाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात. पेटी उघडल्यावर सिरिंज वरून धडधाकट दिसते, दट्ट्या दाबला की आत दगड लागतो. या महिन्यांत शीतकंटेनर किंवा विमान, आणि प्रत्येक खेपेत दोन तापमान नोंदणारे लॉगर: एक दाराशी, एक मध्ये. तक्रार आली तर भांडण लॉगरच्या आकड्यांवर मिटतं.

पायरी ६: लेबल आणि पहिली ऑर्डर

तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. ०३/०४/२०२७ ही अमेरिकेत ४ मार्च आहे, आपल्याकडे ३ एप्रिल. एक्स्पायरी, बॅच, ‘एकदाच वापरा’ यांची आंतरराष्ट्रीय चिन्हं वापरलीत तर भाषांतराचा मजकूर कमी होतो, पण वापराची माहिती त्या त्या भाषेत लागतेच: ब्राझीलला पोर्तुगीज, आखातात अरबी. युरोपच्या सीईचं चिन्ह सहसा ५ मिलिमीटरहून कमी उंचीचं नसावं. टूथपेस्टमधलं ग्लिसरीन आणि हाडाच्या ग्राफ्टमधलं कोलॅजन कशापासून आलं हे आखातातले ग्राहक विचारतात. ग्लिसरीन वनस्पतीजन्य आणि कोलॅजन डुकराचं नाही याचा पुरवठादाराचा लेखी दाखला तयार ठेवा.

ग्राहक भेटतात ते प्रदर्शनांत. कोलोनचं आयडीएस विषम वर्षांत मार्चमध्ये भरतं, दुबईचं एईईडीसी दरवर्षी. पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका. तिकीट काढून फिरा, तुमच्यासारख्या वस्तूचे तिथले भाव आणि आटे-भोकं-व्होल्टेज टिपून आणा.

पहिल्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ आणि बाकीचे माल पाठवल्याच्या कागदांच्या प्रतीवर, किंवा एलसी, म्हणजे बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट. उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-उधारीचा विमा काढल्याशिवाय नको. टेंडरमध्ये माल पोचताना किती मुदत शिल्लक हवी ते वाचा. दोन वर्षांच्या सिमेंटला पाऊण मुदत मागितली तर बॅच बनल्यापासून कस्टम्स सुटेपर्यंत तुमच्या हातात सहाच महिने असतात, आणि त्यातला एक समुद्रातच जातो. म्हणून निर्यातीची बॅच ऑर्डर पक्की झाल्यावरच काढा आणि प्रत्येक बॅचचे काही नमुने एक्स्पायरी उलटून वर्ष होईपर्यंत कारखान्यात सीलबंद ठेवा.